शेजारचे धोंडे

सापगाव, १२ एप्रिल

चि. बाईजास, बारकूदादाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलूच देत नायस, म्हणून लिहितोय. तुज्या शेतातला दहा किलो तांदूळ मागितला, तर एवढीशी गोणी? दहा नायत, हे हातालाच कळतं. नक्की किती, ते विचारू नको. काट्यावर बाबांचे तीन किलोचा नि एकाचा असे वजनाचे धोंडे लावले तर तांदूळ जड, आठाचा लावला तर धोंडा जड. कपाळ माजं!

अंजूच्या लग्नाला हा मामा येणार नाय. तिला मांडवात आणायला दुसरा कोणी बघ. भाचीवर लोभ आहे, तुज्यावर सध्या नाय.

बारकूदादा

मुरबाड, १७ एप्रिल

ती. बारकूदादास, बाईजाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून अंजू जेवली नाय. मामा नाय तर मांडवात पाऊल टाकणार नाय, म्हणते. मुलगी माजी, हट्ट तुजा!

तांदूळ सात किलो होता. माज्याकडे धोंडे दोन, पाच नि तेराचे. दोन-पाच मिळून सात, पुढे एकदम तेरा. दहा आणू कुठून? एकच माल दोनदा तोललेला बाबांना चालायचा नाय, नि मालाच्या पारड्यात धोंडा ठेवलेला तर मुळीच नाय. तेरा पाठवणार होते, पण जास्त दिलं तर तू भीक समजून रागावशील, असं अंजूचे बाबा म्हणाले. कमी दिलं तरी रागावलासच.

आणि धोंड्यांची वाटणी कोणी केली रे? बाबांनी एकाचा नि दोनाचा धोंडा बाजारातल्या मापावर घडवला. पुढे दर वेळी शेवटचे दोन पारड्यात ठेवून तेवढ्याच वजनाचा नवा फोडला. तीन, पाच, आठ, तेरा, एकवीस. म्हणायचे, शेजारचे दोन एका पारड्यात नको, त्यांच्या बदली पुढचा एकच उचला. ते गेल्यावर तूच म्हणालास, शेजारचे एकत्र नकोत, एक आड एक वाटू. मी पण शहाणी, मान डोलावली!

अंजू म्हणते, सातही धोंडे असले की तेहतीसपर्यंत कुठलाही आकडा बसतो, नि शेजारचे कधीच लागत नायत. दहाला तुजा आठ, माजा दोन.

दादा, तू आला नायस तर मला भर मांडवात रडू येईल. रागव, पण येऊन रागव. लोभ आटला असला तरी तळाशी थोडा असेल, तो घेऊन ये.

तुजी बाईजा

सापगाव, २२ एप्रिल

चि. बाईजास, आशीर्वाद.

तुजी वयनी सकुबाई हसून हसून बेजार झाली. मी सगळे आकडे मांडून बघितले. पोरगी खरं बोलते गो. शेजारच्यांनी एका पारड्यात बसू नये, एवढंच बाबा बोलले होते. एका घरात राहू नये, असं कधी बोलले? अक्कल माजीच गहाण पडलेली.

हळदीच्या दिवशी चारी धोंडे घेऊन येतो. एकवीसचा एसटीत मांडीवर घेईन, दुसरं काय. ते आता तुज्याकडेच राहू देत, मला काय तोलायचं असलं की मी येत जाईन. अंजूला सांग, आधी पोटभर जेव, मामा येतोय.

लोभ होता तेवढाच आहे. माजे राहिलेले तीन किलो मात्र काढून ठेव. तीनाचा धोंडा माज्याकडे आहे, तोलून घेणार.

तुजा दादा