तिकिटाच्या यंत्रापाशी

आईला नमस्कार,

बाबांनी पुन्हा तेच म्हणावं? मी स्टेशनात नुसता उभा राहत नाही. एका जागी उभं राहणं मला कधी जमलंय का? स्टेशन झालं तेव्हापासून खिडकीत माणूस तिकीट द्यायचा, आता तिथे यंत्र बसवलंय. ते कसं चालवायचं हे लोकांना शिकवणं, हे माझं काम. सगळे शिकले की तुझी सुट्टी, असं साहेब हसत म्हणतात.

एक आजी रोज येतात. त्यांना सगळं येतं, तरी म्हणतात, "बाळा, बटण तूच दाब. तुला काढलं तर मी बोलू कोणाशी?" दिवसभरात माझ्याशीही त्याच काय त्या बोलतात, बाकीचे तिकीट घेऊन पळतात.

जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे? धाकटीला शाळा सोडू देऊ नकोस.

तुझाच,
थोरला

बाबांना सांग, नुसतं उभं राहिल्याचे चार हजार पाठवलेत.