गोंग वितळवला ती दुपार

सुरबाया, जावा, ८ जुलै १८११
डच साहेबाच्या टांकसाळीत कारकुनाची जागा मिळाली! पगार बरा, भात-मासळी फुकट, आणि भाड्याचं घर भिंतीपलीकडच्याच गल्लीत. बायकोचे, रासिनाहचे दिवस भरत आलेत, त्यामुळे जवळ राहता येतंय याचाच आनंद जास्त. जाच एकच. सकाळी आत घेऊन बाहेरून कुलूप लावतात, ते सूर्य मावळल्यावर झडती घेऊनच उघडतात. भट्टीवाला सादिपा म्हणाला, "नखं कापून येत जा, कारकून. नखातलं तांबंसुद्धा साहेब खरवडून घेतो."

११ जुलै
इंग्रजांच्या जहाजांनी समुद्र अडवलाय, तांबं येत नाही. शिपायांचा पगार तुंबलाय आणि उपाशी शिपाई कुणाचाच नसतो. म्हणून साहेब मिळेल ती भांडी गोळा करतोय. आज वाजंत्र्यांच्या ताफ्यातला मोठा गोंग आला, टोला देऊन वाजवायची काशाची थाळी, कवेत न मावणारी. दर गुरुवारी सांजेला त्याला फुलं नि धूप लागतो. आज गुरुवारच. तो वाजवणारे म्हातारे कार्ता मागोमाग आले आणि दारातच बसून राहिले. जाताना मला म्हणाले, "आवर्तन गोंगावर संपतं, लेकरा. हा गेल्यावर संपवणार कोण?"

१२ जुलै
गोंग फोडून तांब्यात वितळवला. दुपारच्या आत त्याचे पैसे पाडून खिडकीतून शिपायांकडे रवानाही झाले. रासिनाहला पहाटेच कळा सुरू झाल्यात. सुईण म्हणाली, तिन्हीसांजेपर्यंत मोकळी होईल. भिंतीतून तिचं कण्हणं ऐकू येतं. कुलूप निघालं की धावत सुटायचं.

१२ जुलै, दुपार
ऊन आवारातल्या चिंचेच्या बुंध्याशी आहे. मघाशीही तिथेच होतं. सादिपा भट्टीवर पाणी ओततोय, ती विझत नाही.

१२ जुलै
अजून दुपारच. झोपून उठलो. दाढी वाढली, ऊन हललं नाही. बंद दाराआडून पहारेकऱ्याला विनवलं. तो म्हणतो, सूर्य मावळला की उघडतो. दर वेळी तेच, त्याच आवाजात.
कार्ता म्हणाले ते आता कळतंय. गोंग पडत नाही, म्हणून काही संपत नाही.

१२ जुलै
रासिनाहची कळ टिपेला जाते — आणि पुन्हा पहिल्यापासून. सुईण म्हणते, आलंच आता, आलंच. मूल येत नाही.

१२ जुलै
उरल्यासुरल्या काशाचा गोंग ओतायला घेतलाय. सादिपा ओततोय — साचा भरत नाही — ओततोच आहे —
देवा, तिला मरण तरी — पण तेही संपणंच की. तेही नाही.

१२ जुलै
तिचा आवाज बसलाय. कळ मात्र — मी इथेच आहे गं, रासिनाह — सूर्य मावळला की मी —