यांच्यासाठी चित्रांचं पुस्तक

मुलुंड, मंगळवार, १० जुलै १९८४

लायब्ररीतून दोन पुस्तकं आणली. माझ्यासाठी नवी रहस्यकथा, आणि यांच्यासाठी, लिहितानाही लाज वाटते, लहान मुलांचं चित्रांचं. अर्धांगवायूनंतर यांचं बोलणं गेलं, अक्षरंही लागत नाहीत. रहस्यकथा अगदीच फुसकी. खुनी दहाव्या पानावरच कळला. चित्रांचं पुस्तक मात्र सुंदर आहे. पिवळ्या होडीत एकटंच बदक. त्या होडीवर हे कितीतरी वेळ बोट ठेवून बसले. माझं चुकलं का? यांना अपमान वाटला असेल?

"नको का हो हे पुस्तक?" मी विचारलं.

बोट होडीवरून बदकावर सरकलं. ओठ जुळवत म्हणाले, "ब... दक."

तीन महिन्यांतला पहिला शब्द. 'शाब्बास' माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं. नवरा आहे तो माझा, लहान मूल नाही. "हो, बदकच आहे," एवढंच म्हटलं आणि पान उलटलं.