बाराच्या पुढचे

३ एप्रिल
नोकरी लागली एकदाची! जन्मनोंदणी कार्यालयात. खिडकीजवळचं टेबल, डोक्यावर न कुरकुरणारा पंखा, आणखी काय हवं? राहायला ताईकडे आहे. तिची चिऊ दोन महिन्यांची. मला बघून भोकाड पसरते, पण माझं बोट काही सोडत नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी हौसेने माझीच नोंद संगणकावर काढून दाखवली: २३ ऑगस्ट. चिऊचीही सापडली: ०५/०२. पाच फेब्रुवारी.

६ एप्रिल
हौस फिटली. एका शाखेने आधी दिवस लिहिलाय, दुसरीने आधी महिना, आणि सगळं एकाच रकान्यात कोंबलंय. साहेब म्हणाले, एकसारखं करून टाका, त्यात काय एवढं. सांगायला त्यांचं काय जातंय! ०५/०२ म्हणजे पाच फेब्रुवारी की दोन मे, हे संगणकाने कसं ओळखायचं? दिवसभर क्वेरी, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञा, लिहिल्या आणि खोडल्या.

७ एप्रिल
वैतागून एक क्वेरी चालवली, आधी महिना धरून. बऱ्याच तारखा गपगुमान उलटल्या. मग कुठल्याशा सत्तावीस तारखेला गाडी अडली. सत्ताविसावा महिना नसतो म्हणे. चिऊची तारीख दोन मे झाली होती. म्हटलं, उद्या निस्तरू.

घरी आलो तर पाळणा नाही. ताईचं पोट पुढे आलेलं. असा काय बघतोस, म्हणाली, डॉक्टरांनी दोन मे सांगितलीय ना.

८ एप्रिल
चिऊ कुठे आहे विचारलं, तर ताई माझ्या कपाळाला हात लावून ताप बघते. महिनाभर धीर धर, म्हणते, मुलगाही होईल, कुणी सांगावं.

मला मुलगा नको. मला चिऊ हवी.

एकट्या नोंदीला हात लावायचा तर आईचा अर्ज लागतो. न जन्मलेल्या मुलीसाठी ताई कसला अर्ज देणार? अख्खा रकाना उलटायला मात्र कुणाची परवानगी नको. असला कारभार!

९ एप्रिल
सकाळपासून उलटतोय. तेरा तारखेला अडतं. एकोणीसला अडतं. सत्तावीसला — डोकं फिरलं. लिहून टाकलं: समजत नसेल ती तारीख रिकामी सोड आणि पुढे चल. नंतर भरेन.

चालली! चिऊ — पाच फेब्रुवारी!

बाईंची खुर्ची रिकामी. साहेब म्हणाले, कुठल्या बाई?

बाराच्या पुढचे सगळे रिकामे — माझीही तेवीस. मी बघितलंच नाही —

संध्याकाळ. ताईच्या जिन्यावर
आत चिऊ रडत होती. आहे ती. आहे!

ताईने दार अर्धंच उघडलं. कोण हवंय तुम्हाला, म्हणाली. तुम्हाला!

ताईच्या कुशीतून चिऊने हात पुढे केला. मी बोट दिलं. तिने मूठ मिटली, घट्ट, पण मुठीत माझं