एका कडव्याची धार

मी, या गल्लीतला डोळ्यांचा वैद्य, वय एक्क्याऐंशी, माझ्यामागे काय कोणाकडे जावे ते कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वखुशीने आणि स्वहस्ते लिहून ठेवीत आहे. मन शाबूत आहे. डोळ्यांबद्दल तसे लिहिता येत नाही. सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, त्या नीट सुटेपर्यंत दुपार होते, म्हणून हे दुपारी लिहितो आहे. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर वकिलांनी सांभाळून घ्यावे.

१. घरातला माझा अर्धा भाग मुलाला व सुनेला. पुढचा दवाखाना सून म्हणते तसा समोरच्या चष्मेवाल्याला भाड्याने द्यावा. रोगी येत नाहीत, आणि आला तरी मला दिसत नाही. फक्त वाटणीच्या भिंतीला हात लावू नये. पलीकडे माझा थोरला भाऊ राहतो, त्याला ठोकाठोक सोसत नाही.

२. बँकेतली शिल्लक सुनेला. माझे डाग पडलेले उशीचे अभ्रे तिने कुरकुर न करता धुतले. कुरकुर केली, पण धुतले.

३. पोथ्या दादाला, म्हणजे या थोरल्या भावाला. तोही वैद्य. डोळ्यातून येते ते पांढरे चिकट, पिवळे गरम, तांबूस की पू, हे त्याच्याइतके नेमके कोणी सांगत नसे. आईच्या डोळ्यांतून पू येऊ लागला तेव्हा तिच्या उशाशी उभा राहून तो म्हणाला, "पोथीत असाध्य लिहिलंय. आता तिला छळू नकोस." मी म्हणालो, "दादा, तिला ऐकू येतं रे." त्यानंतर आम्ही बोललो नाही.

४. चोचीचे पितळी भांडे, आत कल्हई केलेले. याविषयी जरा लांबण लागेल. त्रिफळ्याचा काढा गाळून, निववून, मिटलेल्या पापणीवर चार बोटे उंचीवरून बारीक धार धरायची. किती वेळ, ते शास्त्रात अक्षराच्या उच्चाराने मोजतात. मी होडीच्या कवितेने मोजत असे. एकशिक्षकी शाळेत दादा आणि मी एकाच बाकावर बसून ती पाठ केली होती. एका डोळ्याला एक कडवे. आई विचारायची, "आज होडी कुठवर आली?" बरी ती झाली नाही. पण शेवटपर्यंत रोज सकाळी तिचे डोळे उघडत आणि ती खिडकीकडे बघत असे.

आता माझ्या डोळ्यांवर मुलगा धार धरतो. मोबाईलवर वेळ लावतो. वाजला की भांडे खाली. "अरे, अजून चिकट लागतंय." "बाबा, ऑफिस आहे." खरेच आहे. त्याला कविता शिकवावी म्हटले, तर दुसऱ्या कडव्यापुढे मलाच आठवत नाही. होडी पाण्याच्या मधोमध थांबते.

परवा त्याला भिंतीपलीकडे पाठवले. म्हटले, काकांना पुढचे कडवे विचार, आणि जमले तर एकदा येऊन धार धरा म्हणावे.

दादाने विचारले, "पाणी येतंय की पू?"

"पू."

"मग सोडून द्या म्हणावं."

"आणि कविता, काका?"

"कसली कविता?"

दार लागल्याचे मी भिंतीतून ऐकले.

तरी भांडे दादालाच देतो आहे. त्याने घेतले नाही तर कुंड्यांना पाणी घालायला ठेवावे.

५. हे माझ्या मुलासाठी. मी गेल्यावर पापण्या तशाच चिकटलेल्या ठेवू नयेस. भांडे दादाकडे पोचवण्याआधी एकदा धार धर. काढा नको, कोमट पाणी पुरे. मोबाईल लावलास तरी चालेल. वाजल्यावर मात्र भांड्यातले संपू दे. त्या दिवशी तुला रजाच असेल.

सही: (रेघेच्या खाली गेली आहे, पण माझीच आहे)

साक्षीदार:
१. समोरचा चष्मेवाला (सही)
२. ही जागा दादासाठी ठेवली होती. वकील म्हणाले, रिकामी चालत नाही. म्हणून त्यांचा कारकून (सही)

ठिकाण: दवाखान्याची मागची खोली
तारीख: वकिलांनी घालावी. मला कॅलेंडर दिसत नाही.