पडलेल्या पान्याची कबुली

मी, तुर्सुनाय जुमाकादीरोवा, वय ६८, नारीनच्या बस आगारातील हत्यारखोलीची निवृत्त प्रमुख, डोके ठिकाणावर असताना व कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. यापूर्वीचे लिखाण रद्द समजावे.

१. राहते घर भाची बुरुल हिला. ती ते विकणार, मला ठाऊक आहे. विकावे; मात्र आगाराच्या माजी प्रमुखाला नव्हे.

२. बँकेतील शिल्लक चालक तोकोन याची विधवा कालीपा हिला. कारण कलम ४ मध्ये आहे. ते वाचून तिने पैसे नाकारले, तर तो तिचा हक्क.

३. माझे चार टॉर्क पाने, म्हणजे नट ठरवलेल्या जोराइतका आवळला की ‘टक’ करणारे, तंत्रशाळेला. काम झाले की पाना सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा, नाहीतर आतली स्प्रिंग थकते. ‘टक’ झाले की हात थांबवावा. या पान्याने गंजलेला नट सोडवू नये. पाना पडला, तर तपासून येईपर्यंत कोणी वापरू नये, मग साहेब कितीही ओरडोत.

४. एकोणीस वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, मोठा पाना माझ्या हातून फरशीवर पडला. मी नोंदवहीत लिहिले नाही. वार्षिक तपासणी पंधरा दिवसांवर होती आणि आगाराच्या प्रमुखाने बजावले होते, “आणखी एक हत्यार बाद केलंस, तर तुलाच बाद करीन.” तासाभरात मेकॅनिक कुबात ओसमोनोव याने तोच पाना नेऊन तोकोनच्या बसच्या चाकांचे नट आवळले. दुपारी घाटात चाक निखळले. तोकोन गेला.

चौकशीत ठरले की कुबातने अंदाजाने आवळले. अपघाताच्याच संध्याकाळी मी पाना तपासला होता. सहाशेवर लावला, तर साडेचारशेलाच ‘टक’ करत होता; म्हणजे नट ढिलेच राहिले होते. मी तो घरी आणला आणि गप्प बसले. कुबातने अडीच वर्षे तुरुंगात काढली. सुटल्यापासून तो बाजारात बटाटे विकतो.

काल त्याच्या घरी गेले. तो चहा ओतत होता.

“कुबात, पाना माझ्या हातून पडला होता. तू न्यायच्या आधी.”

त्याने किटली खाली ठेवली.

“आई शेवटपर्यंत विचारत होती, आपा. ‘बाळा, नट नीट आवळले होतेस ना?’ आणि मलाच खात्री वाटेनाशी झाली होती.”

मी म्हटले, मृत्युपत्रात घर तुझ्या नावे करते.

“घर नको. ज्याला काही मिळतं, त्याला साक्षीदार होता येत नाही ना? मग मला काहीच देऊ नका. साक्षीला बोलवा. आणि हा कागद तुम्ही मरायची वाट बघत पेटीत राहणार नाही. उद्याच सरकारी वकिलाकडे द्यायचं.”

“शस्त्रक्रियेतून मी वाचले, तर मला तुरुंग होईल.”

“होऊ दे,” तो म्हणाला. “डबा मी आणीन.”

आज सकाळी वरील मजकुराची प्रत व तो पाना सरकारी वकिलाच्या कचेरीत जमा केला. पावती सोबत जोडली आहे.

५. उरलेले सामान बुरुलने हवे तसे वाटावे.

नारीन, मंगळवार, १४ मार्च

लिहून देणार: तुर्सुनाय जुमाकादीरोवा (सही)

साक्षीदार (नाव व व्यवसाय प्रत्येकाने स्वतः लिहावा):
१. गुलबारा सेइतोवा, परिचारिका (सही)
२. कुबात ओसमोनोव, बस मेकॅनिक (सही)