नाकातलं शिसं

नाना, तुमच्या मॉडेल विमानाचं इंजिन मी बदललं. आधी हेच सांगून टाकतो, नाहीतर दुसरंच काहीतरी लिहीत बसेन. जुनं जाम झालं होतं. तसं हलकं आता मिळत नाही, मिळालं ते जड निघालं. तेव्हापासून मला धड झोप नव्हती. मोतीबिंदू झाल्यावर तुम्ही हे विमान माझ्या हातात दिलंत, आणि तुमच्या हातची आता ही एकच वस्तू उरली आहे. तोल चुकला असता तर पहिल्याच उड्डाणात तिची माती झाली असती.

सीवूड्सच्या आमच्या फ्लॅटमध्ये, ओट्याशेजारच्या टेबलावर ते ठेवलं आहे. पंखांखाली तुम्ही खुणा केल्यात तिथे मी दोन बोटं लावतो आणि उचलतो. नाक खाली जातं. आतली बॅटरी मागे सरकवतो, पुन्हा उचलतो. तरी खालीच. वाऱ्याने फरक पडत असेल म्हणून पंखा बंद करतो. ही पोळ्या लाटतालाटता म्हणते, "माझ्या गुडघ्यांकडे एवढं बघितलं असतंत, तर मीच उडाले असते." मला हसू येत नाही.

मला महाप्याच्या कारखान्यातली जेवणाची सुट्टी आठवते. मी आठवी नापास, लेथवर नवा, आणि तुम्ही फोरमन. हे विमान तुम्ही पहिल्यांदा मला तोलायला देता. मी शहाणपणा करून आधी टाकी तेलाने भरतो आणि मग उचलतो. तुम्ही डबा बाजूला ठेवता.

"काय करतंस रं? टाकी इंजिनाच्या पाठीमागंच हाय. तेल संपत जातंय तसं नाक हलकं होतंय. विमान घराला येतंय ते रिकाम्या टाकीनं. येतानाचा तोल बघ, जातानाचा नको!"

सगळी शेड हसली होती. टाकी या वेळी रिकामीच होती, नाना.

मग मी सोपा मार्ग धरला. शेपटीत शिशाचा तुकडा चिकटवला, आणि विमान बोटांवर सपाट राहिलं. तोल बरोबर होता, पण हाताला ते नुसतं जड लागत होतं. कारण मला ठाऊक होतं. जुन्या हलक्या इंजिनासाठी तुम्ही नाकात वजन भरलं होतंत. तुमच्या वडिलांच्या पागाचे, त्या फेकायच्या मासेमारीच्या जाळ्याचे, शिशाचे मणी. खाडीवर भराव पडला, जाळं खुंटीला लागलं, तेव्हा तुम्ही ते कापून घेतले होतेत. ते काढायला माझा हात होत नव्हता, म्हणून मी मागे माझं शिसं लावत बसलो होतो.

हिला सांगितलं. ती म्हणाली, "हलक्या इंजिनासाठी होतं ना ते? मग आता कशाला? नाना असते तर तुमच्या डोक्यात पाना घातला असता."

घातलाच असतात. मी शेपटीचं शिसं उचकटलं. मग नाकातले मणी एकेक काढले आणि प्रत्येक मण्यानंतर विमान बोटांवर घेतलं. बोटं चुकत नाहीत, ती तुम्ही तयार केली आहेत.

आपल्या खाडीजवळ आता खरी विमानं उतरतात, म्हणून रविवारी कर्जतकडच्या माळावर गेलो. तिथे परवानगी आहे. वाटेत गाडी थांबवून स्क्रू पुन्हा तपासले. पण चाकं जमिनीवरून सुटली आणि रिमोटवरचे माझे हात शांत झाले. तेल संपत आलं तेव्हा मुद्दाम लक्ष ठेवलं. शेपूट खचली नाही. रिकाम्या टाकीने ते घरी आलं, गवतावर अलगद टेकलं.

हे पत्र विमानाच्या पोटात ठेवावं असं मनात आलं होतं. पण कागदालाही वजन असतं, म्हणून ते टेबलाच्या खणातच राहील. आणि नाना, एक मणी मी काढलेला नाही. नाक केसभर खाली आहे. तेवढं चालतं हे मला कळतं, पण चालतं म्हणून तो ठेवलेला नाही.